दहीमहाराजांचं मडकं

पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. दहीमहाराजांनी मडक्यावरचं फडकं सोडलं आणि बायांनी एकदम श्वास रोखला. काल सगळ्यांदेखत ओतलेल्या कोमट दुधाचं सुरीने कापावं असं दही झालं होतं.

"ना विरजण, ना लिंबू! विकतचं दही बंद, खर्च बंद!" महाराज गरजले. "फक्त मडकं गरम पाण्यानं धुवाचं नाही अन् घासाचं तं बिलकुल नाही. देवी कोपते!"

तिवस्याजवळच्या त्या गावात दिवे लागल्यावर कुणी कुणाला विरजण देत नसे. घरची लक्ष्मी जाते म्हणत. घरचं संपलं की दुसऱ्या दिवशी दुकानातली दह्याची पिशवी. कापसाचे भाव पडलेल्या त्या वर्षांत पिशवीही खिशाला जड वाटायची. म्हणून महाराज मडकी विकत ती नेमकी दिवेलागणीनंतर.

खुशालरावांनीही एक घेतलं होतं. बायको जाऊन महिना झालेला. त्या गडबडीत घरचं विरजणही संपलेलं. महाराजांना एवढा धागा पुरला. "तुमची लक्ष्मीच रात्री येऊन दुधाले हात लावते. तिच्या आत्म्यासाठी तिची म्हैस मठाले देऊन टाका."

खुशालरावांची लेक आरती अकोल्याहून आली, तेव्हा तिचे अप्पा मडक्यापुढे बसून दही चाखत होते.

"तुह्या मायचाच हात हाय, पोरी. घे."

आरतीनं चमचा तोंडाला लावला. दही आंबटढाण होतं. आईचं कधीच आंबट होत नसे. ती एवढंच म्हणाली, "म्हैस देणार तुमी?"

"शुक्रवारी."

"मंग मडक्यात ओताले दूध कुठून आणान?"

अप्पांनी खाली पाहिलं. "नाही देली अन् तिचं येणं थांबलं तं?"

त्या संध्याकाळी आरतीनं महाराजांकडून दोन नवी मडकी घेतली आणि पारावरच चूल मांडली. एकात पाणी भरून ते चांगलं खळखळू दिलं.

"अरे अरे! देवी कोपंन, आग लागंन गावाले!" महाराज ओरडले.

शेजारच्या शकीलाचाचींनी पदर खोचला. "महाराज, दूध उकळून निववाले तुमीच सांगता. मंग मडकं उकळलं तं कावून घाबरता?"

लोक हसले. पाणी ओतून दिलेलं मडकं निवल्यावर आरतीनं एकाच पातेल्यातलं कोमट दूध दोन्हींत ओतलं, तोंडं बांधली, मडकी पारालगतच्या पाटलांच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावून किल्ली चाचींना दिली.

सकाळी न उकळलेल्या मडक्यात दही होतं. उकळलेल्यात दूधच, जसंच्या तसं. महाराज मात्र रातोरात झोळी उचलून पसार झाले होते.

"कोऱ्या मातीच्या भांड्याले आतून दही चोपडाचं अन् सावलीत वाळवाचं," आरती म्हणाली. "ते दिसत नाही, पण भोकाभोकात बसते. कोमट दूध पडलं की तेच विरजण. उकळत्या पाण्यानं मेलं, तं संपलं."

गर्दीतली मैनाबाई पुटपुटली, "मंग देवी?"

"मैनामावशी, देवी गरम पाण्यानं मरते काय? ज्या चमत्काराले गरम पाण्याचं भेव वाटते, त्याले आधी गरम पाणी दाखवा. मंग हात जोडा."

खुशालराव दुधाच्या मडक्याकडे पाहत उभे होते. "म्हंजे ती आली नव्हती."

"नाही, अप्पा."

अप्पा पाराकडे पाठ फिरवून चालू लागले. मग चाचींकडून चमचाभर विरजण घेतलं, घरी येऊन म्हशीची धार काढली, दूध तापवून निवायला ठेवलं आणि पातेल्यात बोट बुडवलं.

"एवढं कोमट पुरे, का अजून निवू देऊ? सांग मले. आता दही मलेच लावा लागंन."