पोस्टरखालची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. टेक्ससमधल्या एका लहान गावात, स्टब्स यांच्या खानावळीच्या काचेच्या दारावर मी चिकटलेली असते. 'पिस्तूल घेऊन आत येणे गुन्हा आहे' एवढंच माझं म्हणणं. मी आत येणाऱ्याला ठळक दिसले पाहिजे, नाहीतर तो गुन्हाच ठरत नाही, असा कायदाच आहे. नवी होते तेव्हा लोक मला वाचून माघारी फिरत आणि पिस्तूल गाडीत ठेवून येत. माझ्या शब्दाला मान होता.

मग शाळेच्या फुटबॉल संघाचं पोस्टर आलं. आमच्या गावात ज्याच्या दारावर ते नाही, त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. मालक व्हर्लिन स्टब्स यांनी ते नेमकं माझ्या तोंडावर चिकटवलं! एवढं मोठं दार, पण यांना माझंच तोंड सापडलं.

ओडेसा टिलमनबाई त्यानंतर गावात राहायला आल्या. त्या शाळेची बस चालवायच्या. मुलं म्हणजे त्यांचा जीव. शनिवारी सकाळी त्या आमच्याकडे खायला येत, पर्समध्ये परवान्याचं पिस्तूल असे. त्यांना कोण सांगणार? मी पोस्टरखाली गुदमरत होते.

अशाच एका शनिवारी एक माणूस आत घुसला. त्याने गल्ल्यावरच्या जनेलच्या कपाळाला पिस्तूल लावलं आणि 'तीनच्या आत गल्ला दे' म्हणत आकडे मोजू लागला. ओडेसाबाईंनी गोळी झाडली. ती त्याच्या खांद्यात लागली आणि तो कोसळला.

"मिस ओडेसा, तुम्ही नसतात तर माझी पोरं उघड्यावर पडली असती!" जनेल त्यांच्या गळ्यात पडून रडली.

त्याच गडबडीत मालकांनी पोस्टर टराटरा फाडलं. पाटी उघडी असते, असं त्यांनी विमावाल्यांना सांगून ठेवलं होतं ना! पोलीस आले आणि त्यांनी माझे झकास फोटो काढले.

कोर्टाने गोळी माफ केली. जीव वाचवण्यासाठी झाडली, म्हणाले. पण मला ओलांडून पिस्तूल आत आणलं, तो गुन्हा वेगळा. ओडेसाबाईंच्या वकिलाने जनेलला विचारलं, "त्या दिवशी पाटीवर पोस्टर होतं का?"

जनेलने मालकांकडे पाहिलं. "आठवत नाही," ती पुटपुटली.

आठवत नाही! रोज तीच ते पोस्टर पुसायची. निकाल देणारे गावातलेच पंचही आमच्याकडे खाऊन गेलेले, सगळे मूग गिळून बसले. मला तोंड असतं तर मी कोर्ट डोक्यावर घेतलं असतं.

बाहेर जनेल मान खाली घालून उभी होती. "असू दे पोरी," ओडेसाबाई म्हणाल्या. "तुलाही घर चालवायचंय." दंड किरकोळ होता, पण गुन्हा सिद्ध झाला म्हणून शाळेने त्यांची बस काढून घेतली.

परवा नव्या हंगामाचं पोस्टर आलं. मालकांनी ते कुठे लावलं असेल? माझ्याच तोंडावर! ओडेसाबाई रस्त्याने चालत चालल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांनी पोस्टरचा कोपरा उचलून मला पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

"अगं बाई, एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या. कोपरा पुन्हा नीट दाबून त्या निघून गेल्या. समोरून शाळेची बस गेली, मागच्या खिडकीतून मुलं त्यांना हात करत होती.

मित्रांनो, मला लावायचं असेल तर उघडी ठेवा. झाकायचं असेल तर माझ्या नावाने कुणाला शिक्षा करू नका.