पाचवा बोअर

अकोल्यात बारावीच्या गणिताची शिकवणी घेणाऱ्या कुलदीप सरांच्या मते त्यांच्या वर्गात पोरं नव्हे, बैल बसत. शनिवारी सरांनी गणित घातलं: दर बोअरला पाणी लागण्याची शक्यता पाचात एक. चार कोरडे गेले, तर पाचव्याला किती? अख्खा वर्ग ओरडला, "सर, आता तं लागतेच!"

"शेन भरलं हाये डोक्यात!" सर कडाडले. "जमिनीले मांगचं याद रायते काय? पाचव्यालेही पाचात एकच!"

रविवारी सर आईला घेऊन मोर्शीला मुलगी पाहायला निघाले. आधीच्या सात मुलींनी नकार कळवला होता.

"सात झाल्या, आता आठवी हो म्हनतेच," आई बसमध्ये म्हणाली.

"म्हनतेच!" सरांनी ऐटीत भांग सारखा केला.

पोहे खाऊन होताच मुलीनं, सीमानं, थेट विचारलं, "आधीच्या पोरी नाही काहून म्हनल्या?"

"साऱ्या बेअक्कल होत्या," सरांनी नाक मुरडलं.

"म्हंजे पोरगी तेवढी नवी, तुमी तेच," असं म्हणून सीमानं त्यांच्या पुढ्यातली बशी उचलली आणि ती आत निघून गेली.