मागची सीट

आमच्या मोटरसायकलची सीट एकट्याला उघडत नाही. चावीचं भोक मागच्या दिव्याखाली आहे. एकाने सीटच्या मागच्या बाजूला बसून भार द्यायचा, दुसऱ्याने वाकून चावी फिरवायची आणि खट् झालं की बसलेल्याने उठायचं. नवरा होता तेव्हा तो बसायचा. "ऊठ आता," मी म्हणायचे, आणि हा मुद्दाम बसून राहायचा. मी चिडले की हसायचा. तो गेल्यापासून सासूबाई बसतात. लॅच बदलून घे, असं सांगून शेजारपाजारचे थकले. नाही घेतला. त्याच्या वेळची खोड होती ती, मला हवी होती.

त्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी गोदामांच्या रस्त्यावर सगळी शटर्स खाली. मागे बसलेल्या सासूबाईंनी एकदम माझा खांदा आवळला. गाडी थांबवेपर्यंत दम्याने त्यांना घेरलं होतं. त्यांना एका शटरला टेकवून बसवलं. छातीतून नुसती शिट्टी वाजत होती. पर्समधला पंप त्या घरी विसरल्या होत्या. नेहमीच विसरतात, म्हणून दुसरा मी सीटखाली ठेवलेला. आणि पाना, स्क्रूड्रायव्हरही तिथेच. काय माझी अक्कल! ॲम्ब्युलन्सला फोन केला. निघालीय म्हणाले. निघालीय म्हणजे पोहोचली नव्हे.

उन्हाने सीट तव्यासारखी तापली होती. कोपराने दाबली, पोटाने दाबली, एका हाताने चावी फिरवली. ढिम्म हलेना. सासूबाईंचे ओठ निळे पडायला लागले.

"अरे, कुणीतरी बसा ना!" मी रिकाम्या रस्त्यावर ओरडले.

सीट दबली.

मागचे शॉकअप कुरकुरले, टायर थोडा चपटा झाला. मी दोन्ही हात चावीवर ठेवले. वर बघायची हिंमत झाली नाही. चावी फिरली. खट्.

सीट वर ओढली, तर उचलेना. लॅच सुटला होता, भार तसाच होता. कुणीतरी बसून राहिलं होतं.

अंगावर काटा आला, तरी ती बसून राहायची तऱ्हा मी ओळखली. वर्षभर रोज ज्याच्यासाठी रडले, तो हातभर अंतरावर होता. त्याने उठू नये, असंच वाटलं मला. अगदी मनापासून वाटलं.

मागे शिट्टी बारीक होत थांबत आली.

"ऊठ आता," मी म्हणाले. तो हलला नाही. "चेष्टा पुरे. तुझी आई जातेय. ऊठ, जा!"

शॉकअप सावकाश वर आले.

पंप दोनदा दाबल्यावर सासूबाईंनी पूर्ण श्वास घेतला, मग आणखी एक. मी त्यांना धरून ढसाढसा रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग उठून सीट बंद करायला गेले. ती वरून दाबली की आपोआप बसते, कुणाची गरज लागत नाही. सगळी सीट चटके देत होती, फक्त मागचा भाग गार होता.

ॲम्ब्युलन्सवाल्याने तपासलं, आता बऱ्या आहेत म्हणाला आणि गेला. मी गाडी सुरू केली. सासूबाई मागे बसायला आल्या आणि पाय उचलता उचलता थांबल्या.

"बसू का रे?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"बसा आई," मी म्हणाले. "जागा रिकामी आहे."