आबांची सुटलेली नाव

"गाठ मारता येत नाही तर दोराला हात कशाला लावायचा?" थोरल्या जाऊनं गवताचा भारा खाली आपटला.

"दोर तुमच्याच हातात होता, जाऊबाई," धाकटीनं तिथल्या तिथं परतफेड केली.

नदीकाठी गवत कापायला आलेल्या या दोघींची सकाळपासून या ना त्या कारणावरून जुंपली होती. आता कारण तरी भक्कम होतं. गवतानं भरलेली मोठी नाव सुटून मधल्या धारेला लागली होती. आणि गवतावर त्यांचे सासरे, आबा, तोंडावर टोपी घेऊन गाढ झोपले होते. कानाशी ढोल बडवला तरी आबा कूस बदलत नसत, तिथं काठावरच्या हाका काय पोचणार? पुढं बंधारा होता, आणि पाणी तिथून धाडधाड दगडांवर कोसळत होतं.

दोघींनी काठाला बांधलेल्या छोट्या होडीत उड्या घेतल्या. थोरलीचे दंड दणकट, म्हणून वल्ही तिनं घेतली आणि होडीचं तोंड थेट नावेकडं केलं.

"अशानं मागंच राहू आपण," मागं बसलेली धाकटी ओरडली. "काठाचं पाणी संथ आहे, मधली धार पळतेय. नाव आत्ता आहे तिथं जाऊन काय करायचंय? आपण पोचू तेव्हा ती जिथं असेल तिथं चला. तिरपं घ्या, बंधाऱ्याकडं!"

"माझ्यापुढं शाळा उघडू नकोस!"

"भांडू नंतर. मी नावेवर हात रोखून धरते. नावेची वाट ही त्रिकोणाची एक बाजू, आपली दुसरी, माझा हात तिसरी. कोन बदलला नाही तर दोन्ही वाटा टोकाला मिळणारच."

थोरली पुटपुटली, पण होडी तिरपी झाली. वल्हवताना तिची पाठ नावेकडं होती. तिला दिसत होता तो नुसता धाकटीचा ताठ हात.

"हात का हलला गं?"

"बंधाऱ्याकडं सरकतोय. नाव पुढून निसटणार. जोर लावा!"

थोरलीनं दात आवळले. होडी सपसप पाणी कापू लागली. बंधाऱ्याचा आवाज आता छातीत घुमायला लागला होता. शाळेत फळ्यावर हे गणित चुकलं तर धाकटीचे नुसते गुण जायचे. इथं आबा जाणार होते.

"आता?"

"थांबला! हात थांबला, जाऊबाई! अस्संच!"

मग नाव मोठी मोठी होत गेली आणि हात होता तिथंच राहिला. धाडकन टक्कर झाली. धाकटीनं लोंबता दोर झडप घालून पकडला, थोरलीनं दोन्ही वल्ही उलटी रोवली आणि शिव्या देत, धापा टाकत होडीसकट नाव धारेबाहेर ओढली.

आबा दचकून उठले. टोपी पाण्यात गेली होती. त्यांनी एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं.

"अगं, एवढी थोरली नदी पडलीय मोकळी, आणि तुम्हाला माझ्यावरच येऊन आदळायचं होतं?"

दोघी एकमेकींकडं बघून अशा हसत सुटल्या की वल्ही हातातून सुटायची बाकी राहिली.

काठाकाठानं घाटापर्यंत परतताना आबांनी दोघींना होडी सरळ कशी न्यायची ते सविस्तर समजावून सांगितलं. दोघींनी माना डोलावून डोलावून ऐकलं.