रिकामा पाळणा वर जात नाही

आधी ती दांडी सोडा बघू. दांडी धरून बसलेला माणूस पाळण्यात बसलाच नाही, असं माझं मत आहे. मी रहाटपाळणा बोलतोय. संक्रांतीच्या वेळी सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते, तिथं तळ्याच्या अंगाला कुरकुरत फिरतो, तोच मी. लोक म्हणतात, म्हातारा झाला. झालो की. मग?

माझा जन्म मंगळवेढ्याचा. काळ्या रानाच्या बांधावर एक बाभूळ होती, तिचा माझा आस झाला. खांब सागाचे आहेत, पण ते कुठून आले हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सागाला जरा मिजास असतेच. सुतारानं मला चार पाळणे टांगले, आसाला एरंडेल पाजलं आणि भिमाच्या हवाली केलं. भिमा अक्कलकोटकडचा. खांद्यानं रेटा देऊन मला फिरवायचा, तोंडानं मात्र काही बोलायचा नाही. बोलायचं काम त्याची बायको गुरम्मा करी. कानडी आणि मराठी एकाच दमात, मध्ये श्वासही न घेता.

बैलगाडीत आडवा पडून मी लई गावं पाहिली. वेळापूर, नातेपुते, मंगळवेढा. पण माझा जीव सोलापुरात. कारण तिथं मला माझी माणसं भेटत.

माझी माणसं म्हणजे एकदा बसून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत उतरणारी नव्हेत. ती गर्दी. माझी माणसं दरसाल येत, मला खालून वर न्याहाळत आणि बसायच्या आधी भांडत. कसला पाळणा चांगला, कुठल्या बाजूनं फिरलेला चांगला, बसावं कसं, ओरडावं का गप राहावं. त्यांची मतं ऐकत मी थोर झालो.

नातेपुत्याचे आबासाहेब मोठे बागाईतदार. फेटा काखेत मारून बसत, उडू नये म्हणून. त्यांचं म्हणणं, पाळणा उलटा फिरला तरच खरा. "म्होरं फिरताना काय येतंय ते डोळ्याला दिसतं. उलटा फिरला की पोटाला आधी कळतं, डोळ्याला मागनं. ती मजा." एवढं बोलून हा गृहस्थ शेजारच्या लाकडी घोड्यांच्या चक्रीवर जाऊन बसे. मला राग येई. विचारलं तर सांगत, "घोड्यावर माणूस माणसासारखा दिसतो. पाळण्यात गठुड्यासारखा."

बजाबाई गिरणीत सूत गुंडाळायची. तिचं मत एका शब्दाचं. गोळा. "खाली येताना पोटात गोळा उठला पायजे. न्हाय उठला तर घरी झोपाळा हाय की."

"आन् घोडी?" आबासाहेब विचारत.

"घोडी ल्हान पोरास्नी आन् फेटेवाल्यास्नी."

आणि केराबाई. ती बजाबाईच्याच खात्यात कामाला. मूळची मंगळवेढ्याकडच्या धनगराघरची, उन्हानं रापलेली, हाडापेरानं मजबूत. तिला ना उलटं फिरायचं कौतुक, ना गोळ्याचं. ती म्हणायची, "मला वरचं थांबणं आवडतं. फिरणं काय, जातं बी फिरतंय."

हे थांबणं कसं, ते सांगायला हवं. गुरम्माचा एक रिवाज होता. बाई पाळण्यात बसली की तिचा पाळणा वर नेऊन थांबवायचा आणि खालून हाक द्यायची, "नाव घ्या नवऱ्याचं, न्हाईतर ऱ्हावा तितंच." मग ती बाई पदर तोंडाला लावून, लाजत, काहीतरी जुळवून नवऱ्याचं नाव घेई. खाली हशा पिके. पाळणा उतरे. सगळ्या जत्रेला ही मौज ठाऊक होती.

केराबाई पहिल्यांदा बसली तेव्हा तिलाही थांबवलं. ती बोलेना. लोकांना वाटलं, लाजतेय. पाळण्याच्या काठाला तिचा हात लागत होता, तो लाजेचा नव्हता. तिच्या नवऱ्यानं, गुंडा त्याचं नाव, त्याच साली दुसरी बायको करून घरात आणली होती आणि ही एका लुगड्यावर सोलापूर गाठून गिरणीत लागली होती. नाव घ्यायला जीभ उचलेना. गुरम्मा ओरडून दमली. तोवर केराबाईनं इकडंतिकडं पाहिलं. किल्ल्याचा तट खाली, तळ्यातलं देऊळ खाली, गिरणीचं धुराडं तेवढं बरोबरीला. तिचा श्वास मोकळा झाला, तो मला कळला.

पुढच्या साली तिनं मुद्दामच नाव घेतलं नाही. त्याच्या पुढच्याही. बजाबाई खालून बोंबलायची, "गुरम्मा, ही बया नाव न घेता दुप्पट बसून घेती. आमी नाव घेऊन फसलो."

"तुमी बी नका घेऊ," केराबाई वरून सांगायची.

आता ती गोष्ट. गोऱ्या सरकारनं सोलापुरात लावलेला मार्शल लॉ उठल्यावर भरलेली पहिली जत्रा. लोक घरात कोंडून कोंडून विटलेले, त्यामुळं माझ्याभोवती ही गर्दी. केराबाई वर थांबलेली. एका अंगाच्या पाळण्यात आबासाहेब लोंबकळत, दुसऱ्या अंगाच्या पाळण्यात बजाबाई. खालचा पाळणा नुकताच रिकामा झालेला. तेवढ्यात गर्दी रेटत तिघं पुढं आली. खांद्यावर घोंगडं टाकलेला गुंडा. त्याची दुसरी बायको बाळाबाई, काखेत मूल. आणि त्याचा चुलता, पांढऱ्या मिशांचा आण्णा, ज्याचा शब्द त्यांच्या भावकीत कुणी मोडत नसे.

गुंडानं मान वर केली. "केरा, उतर. घरला चलायचं."

"कशाला?"

"मेंढरं वाढल्यात. हिच्यानं एकटीनं व्हत न्हाय. पोर ल्हान हाय."

"मग गडी ठेव की."

लोक हसले. गुंडाच्या कानाला ते झोंबलं. "गडी कशाला? माझी लग्नाची बायको हाय तू."

काठावरची केराबाईची बोटं मला कळत होती. गेली, तर गिरणीतली जागा गेली. ती जागा परत मिळत नाही, दारात बाया वाट बघत उभ्या असतात. मग सवतीच्या हाताखाली उन्हातान्हात मेंढरांमागं फिरायचं आणि रात्री तिच्याच हातची भाकरी मागून खायची. तिनं पहिल्यांदाच माझी दांडी धरली.

आण्णानं गुरम्माला विचारलं, "ही वर का टांगलीया?"

गुरम्मानं रिवाज सांगितला. आण्णाच्या मिशा हलल्या. त्याला ते पसंत पडलं. त्यानं काठी आपटून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "झ्याक. तर मग ऐक, केरा. आमच्यात चारचौघांत जे नाव घेतलं ते घर ठरलं. मागनं कुणी म्हाघार घ्यायची न्हाय. गुंडाचं नाव घे आन् खाली ये."

"न्हाय घेतलं तर?"

"तर बस वरच."

"बसते की," केराबाई म्हणाली.

आणि बसली. ऊन चढलं. आबासाहेब एका अंगाला लोंबकळत होते. "अहो, तुमचं घरचं भांडण हाय, मला कशाला सुकत घातलंय? मी काय बोंबील हाय?"

"घोड्यावर बसला असता तर आतापातूर उतरला असता," पलीकडून बजाबाई म्हणाली. "गप बसा. आन् केरे, तू बी बोलू नगंस. गिरणीच्या भोंग्याला येळ हाय आजून."

गुंडाला गर्दीचं हसू सोसेना. तो भिमाच्या अंगावर गेला. "फिरीव. उतरीव तिला."

भिमानं गुरम्माकडं पाहिलं. गुरम्मानं खालच्या पाळण्याकडं बोट केलं. "रिकामा पाळणा वर जात न्हाय, यप्पा. रिकामा पाळणा हलवला की घरातल्या तान्ह्याचं पोट दुखतं. तुमच्या बी घरात तान्हं हाय. कुणीतरी बसल्याबिगर भिमा हात लावायचा न्हाय."

हे सोंग नव्हतं. रिकामा पाळणा कुणाच्याच घरी हलवत नाहीत. बाळाबाईनं मूल छातीशी घट्ट धरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "रिकामा न्हाय हलवायचा. सांगून ठेवते."

कुणी पुढं होईना. तमाशा टाकून कोण बसणार? गुंडा संतापला. "मीच बसतो. फिरीव."

मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस. डोळे बांधले तरी दिशा कळाव्यात. पण जन्मात पाळण्यात बसला नव्हता. एवढंही त्याच्या ध्यानात आलं नाही, की वरची खाली आली की खालचा वर जातो.

त्याचं वजन माझ्या आसावर पडलं, तेव्हा मी कुरकुरलो. लोक म्हणतात, वंगण संपलं असेल. भिमानं खांदा लावला. मी फिरलो. आबासाहेबांच्या मताप्रमाणं उलटा फिरलो. केराबाई खाली उतरत आली, गुंडा वर वर गेला, आणि बरोबर टोकाला गेल्यावर भिमानं, जन्मात कधी न बोललेल्या माणसानं, टेकण लावून मला जागीच अडवलं.

केराबाई उतरली. लुगडं सारखं केलं. वर गुंडानं दोन्ही हातांनी दांडी कवटाळली होती. घोंगडं केव्हाच खाली पडलं होतं.

"उतरीव," तो म्हणाला. आवाज निम्मा.

गुरम्मानं कमरेवर हात ठेवले. "दाजी, नाव घ्या."

"कुणाचं?"

"बायकोचं. रिवाज हाय."

अशी जत्रा मी पुन्हा पाहिली नाही. घोड्यांची चक्री थांबली, त्यावरची माणसं उतरून इकडं आली. खाली केराबाई उभी, शेजारी बाळाबाई उभी. गुंडा एकदा हिच्याकडं बघे, एकदा तिच्याकडं, मग खाली बघे आणि डोळे मिटून घेई.

"दोगींचं घेतो," तो म्हणाला.

"एका पाळण्यात एकच नाव," गुरम्मा म्हणाली.

बाळाबाईनं मान वर केली. "घ्या की. कुणाचं घेताय, मला बी ऐकू द्या."

"आण्णा," गुंडानं चुलत्याला हाक मारली.

आण्णा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. शब्द त्याचाच होता, आता गिळता येईना. "घे बाबा," तो म्हणाला. "पर इचार करून घे."

विचार करायला माणसाचे पाय जमिनीला लागायला लागतात. वारा सुटला. मी जरासा डुललो. खरं सांगतो, टेकण घट्ट होतं, वारा नसता तरी मी डुललो असतो. गुंडा एका दमात बोलून गेला,

"सोलापूरच्या पाळण्यात डोळ्याम्होरं गिरकी,
बाळाबाईचं नाव घेतो, आता खाली घ्या की."

हशा झाला तो तळ्यापलीकडं गेला असेल. आण्णा मात्र हसला नाही. त्यानं केराबाईकडं बघून मान हलवली. "झालं. बोलला. घर ठरलं. केरा, तू मोकळी."

"मी मोकळीच हुते, मामंजी," केराबाई म्हणाली. "तुमास्नी आज कळलं."

बाळाबाई तिच्याजवळ सरकली. दोघी कधी बोलल्या नव्हत्या. "आक्का, मेंढरं मी बघीन. पर ह्यास्नी गडी ठेवायला सांगून जावा. माजं ऐकत न्हाईत."

"आज ऐकंल. उतरायच्या आधी सांग."

बाळाबाईनं सांगितलं. गुंडानं वरूनच कबूल केलं. मग गर्दीतलं एक पोरगं खालच्या रिकाम्या पाळण्यात बसलं, तेव्हा कुठं तो खाली आला, घोंगडं उचललं आणि मागं न बघता चालू लागला. आबासाहेब उतरले, पाय झटकले आणि म्हणाले, "पाळणाच खरा. घोड्यावर असला न्याय न्हाय व्हत." तेव्हापासून ते चक्रीकडं फिरकले नाहीत. ही त्यांच्या मतातली एकच दुरुस्ती.

आणि केराबाई? ती परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "गुरम्मा, माजा फेरा निम्माच झाला. बसीव."

तिला बसवलं. वर नेलं. थांबवलं. गुरम्मानं खालून तोंड उघडलं, पण रिवाज काही ओठांवर आला नाही. ती म्हणाली, "सांग बाई, कवा उतरायचं ते."

आता माझं ऐका. तिकडं मैदानाच्या तोंडाशी लोखंडी पाळणा आलाय. इंजिनावर फिरतो, दिवे लावतो, चकाचक आहे. माझ्या माणसांनी तोही बसून पाहिला. आबासाहेब म्हणाले, धूर लई. बजाबाई म्हणाली, गोळा उठतो, पण उगाच उठतो. केराबाई म्हणाली, "थांबत न्हाय. त्याला कुणी थांब म्हणलं तर ऐकू येत न्हाय."

माझा एक पाळणा बदलला आहे, आस झिजला आहे, भिमाचा खांदा माझ्याआधी थकला आहे. यंदा कुणी जत्रेतले कारभारी येऊन मला थापटून गेले आणि म्हणाले, लाकूड चांगलं आहे, जळणाला जाईल. जाईल तेव्हा जाईल. बाभूळ आहे, लवकर पेटायची नाही, धूर करून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणीन. तोवर मी तळ्याच्या अंगाला उभा आहे. कोपऱ्यात ढकललात तर कोपऱ्यात फिरेन.

तुम्ही आलात, बरं झालं. केराबाई पलीकडच्या पाळण्यात बसलीच आहे, केस पांढरे झालेत पण दांडी धरत नाही. तुम्हीही सोडा. वर गेलात की टेकण लागेल. घाबरू नका, कुणी काही विचारणार नाही. किती वेळ थांबायचं ते तुम्ही ठरवा, आणि खालून कुणी कितीही बोलावलं तरी मन भरल्याशिवाय उतरू नका.