पत्र्याचा आडोसा

गावात अनिलला ‘लायटीवाले साहेब’ म्हणत आणि तो वरवर नको नको म्हणत ते ऐकून घ्यायचा. साहेब कसला, वीज कंपनीच्या कंत्राटदाराकडे नवे मीटर बसवणारा माणूस. पण कशेडी घाटाच्या पायथ्याच्या आपल्याच गावचं काम हाती आलं आणि स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

“हे मीटर एकमेकांशी बोलतात,” तो घरोघर सांगायचा. “वायर नाय, काय नाय.” एका घरचा मीटर आपला आकडा शेजारच्या मीटरला देणार, तो पुढच्याला, असं करत करत आकडा हायवेच्या खांबावरच्या पेटीत आणि तिथून थेट ऑफिसात. घाटात दरड येऊन तार तुटली, तरी साहेबांना बसल्या जागी कळणार. ओढ्याकडच्या बौद्धवाडीतून तो खांब दिसत नव्हता. मधल्या टेपावर, उंचवट्यावर अनिलचं घर होतं, म्हणून साऱ्या बौद्धवाडीचे आकडे त्याच्याच पडवीतल्या मीटरवरून पुढे जायचे. त्याची आई आवडी ह्याचंही कौतुक करायची.

आषाढात बौद्धवाडीचे मीटर गप्प झाले. अनिलच्या मोबाइलवर वरची वाडी हिरवी आणि खालची सगळी लाल. साहेबांनी फोनवर झापलं, तुझ्याच गावात ही तऱ्हा? नवा मीटर पळतो अशी ओरड तेव्हा सगळीकडे होतीच. अनिलच्या डोक्यात एकच आलं, खालच्यांनी मीटरशी काहीतरी चाळे केलेत. अख्खी वाडी गप्प आहे म्हणजे शिकवणारा कुणी जाणता असणार. बौद्धवाडीतल्या सोमाचा मुलगा सुहास महाडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होता. झालं, चोर सापडला!

खाली उतरून एक मीटर तपासावा, तर तेही ह्याने केलं नाही. शाळेच्या पडवीत गावाची बैठक होती, तिथे भर बैठकीत हा उभा राहिला.

“सोमा, तुझ्या वाडीला सांग, मीटर सरळ करा. कोनाचं डोकं चाललंय ते मला म्हाईत हाय. घरात इलेक्ट्रिशियन हाय म्हणून चोरी करायची काय?”

लहानपणापासून ज्यांना सोमाकाका म्हणत आला, त्या बापाच्या वयाच्या माणसाला हा एकेरी बोलला. वरच्या वाडीतल्या कुठल्या काकांशी असं बोलायची त्याची हिंमत झाली असती का? पण तो प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. सोमाने सगळ्यांकडे एकवार पाहिलं, “बघतो,” म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

दोन दिवसांनी आवडी म्हणाली, “अनिल, ह्यो पत्रा वाऱ्यानं खडखडतो रे. खिळा मार जरा.”

हातोडी घेऊन तो मीटरपाशी गेला आणि तसाच थांबला. ओढ्याकडून झड येते, मीटर भिजतो, म्हणून आषाढ लागता लागता त्यानेच तेलाचा डबा कापून मीटरभोवती हा आडोसा केला होता. उघडी बाजू फक्त रस्त्याकडे. त्यामुळे त्याच्या घरचा आकडा खांबापर्यंत बिनबोभाट पोचत होता आणि खालच्या वाडीचे आकडे पत्र्याशी अडत होते. अनिलने पत्रा उचकटला. थोड्या वेळात मोबाइलवर बौद्धवाडी एकेक घर करत हिरवी झाली.

अनिल सोमाला हे सांगायला तसाच खाली निघाला, तर वाटेत गावचे जुने पुढारी गोमाजी भेटले. “चालू झाले का खालचे मीटर?” त्यांनी विचारलं. अनिलने मान हलवली. “मग! दम दिलास तशी आली ना वाडी वठणीवर?” म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि अनिल हसला. घरी परतून कुणाला दिसू नये असा त्याने तो पत्रा गोठ्यामागे टाकला.

पुढच्या रविवारी सोमा स्वतःच आला. पडवीची पायरी न चढता खाली उभा राहिला.

“मीटर चालू झाले म्हणतात ना रे? मी सुहासला इचारलं. तो नाय नाय म्हणत व्हता. मी ऐकलं नाय, चार मान्सांत हात उचलला त्याच्यावर. एवढा वाढलेला बाप्या, पन उलटून बोलला नाय. महाडला दोस्ताच्या खोलीवर ऱ्हातो आता, फोन उचलत नाय. अनिल, साहेबाला त्याचं नाव नको सांगू बाबा. नोकरी जाईल त्याची.”

सोमाने हात जोडले. ते जोडलेले हात बघून अनिलला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अडखळत, खाली बघत त्याने सगळं सांगितलं.

“म्हंजे माझा सुहास खरं बोलत व्हता,” सोमा एवढंच म्हणाला आणि मटकन पायरीवर बसला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर अनिलला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सोमाला सांगून अनिल पाळी सुटायच्या वेळी एमआयडीसीत सुहासच्या कंपनीच्या गेटवर उभा राहिला. पोलादपूरकडची माणसं गावाकडच्या बसची वाट बघत होती, त्यात वरच्या वाडीतला भिकूही होता. सुहास बाहेर आला. अनिलने त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सारं सांगितलं.

“बाबांना सांगितलंस?” सुहासने विचारलं.

“सांगितलं. आमच्या पडवीत.”

“कोण कोण होतं तिथे?”

“कोन नाय. आमी दोघंच.”

“मला चोर केलंस तेव्हा अख्खं गाव होतं.”

अनिलने सोमाला फोन लावला आणि गाड्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून सुहासपुढे धरला. सुहासने हात पुढे केला नाही.

“भेटला काय रे माझा सुहास?” सोमाचा आवाज आला. “त्याला सांग, बापाचं चुकलं. समद्यांसमोर मारलं तर समद्यांसमोर माफी मागतो म्हनावं. घरी ये म्हनावं.”

बससाठी थांबलेली माणसं वळून बघू लागली. सुहासने तोंड फिरवलं.

ज्याचं सगळ्यांत कमी चुकलं, तो म्हातारा भर रस्त्यात माफी मागत होता आणि अनिल कुजबुजत होता!

“काकांचं काय चुकलं नाय!” तो मोठ्याने म्हणाला. “भिकू, इकडं बघ. समद्यांनी ऐका. मीटर बंद पडले माझ्यामुळं. माझ्या घरचा पत्रा आड येत व्हता. सुहासला मी चोर म्हटलं ते खोटं. आनि कळल्यावर मी पत्रा लपवला, गप बसलो.”

“जाऊ दे रे, बस आली,” भिकू ओशाळून म्हणाला.

“नाय, जाऊ कसं द्यायचं? गावात जाऊन हेच सांग. मीबी बैठकीत उभा ऱ्हाऊन सांगनार हाय.”

फोनमधून सोमा विचारत होता, “सुहास हाय का तिथं? ऐकतो काय तो?”

सुहासने अनिलच्या हातातून फोन घेतला. स्पीकर बंद करून कानाला लावला.

“ऐकतोय, बाबा,” तो म्हणाला आणि अनिलकडे न बघता गावाकडच्या बसमध्ये चढला. फोन परत मागायची अनिलची छाती झाली नाही.