गंधकराव आले

“अहो, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकाल तर खबरदार!” बायको आतूनच ओरडली. “कपडे बाहेर बादलीत टाका, मग या.”

जिन्यात उभ्या असलेल्या खालच्या काकू हसल्या. “गंधकराव आले हे आम्हाला नाकालाच कळतं. घड्याळ बघावं लागत नाही.”

सगळी इमारत त्याला गंधकराव म्हणायची. इस्पितळाच्या आवारात गॅसपासून वीज बनवणारं फ्युएल सेलचं यंत्र होतं, त्यावर तो कामाला होता. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचा उग्र वास मिसळतात. माणसाला वाचवणारा तोच वास यंत्राचा मात्र जीव घेतो. म्हणून गॅस आधी काळ्या दाण्यांच्या टाकीतून सोडायचा. दाणे गंधक गिळायचे, त्यांचं पोट भरलं की गंधकराव ते उपसून नवे भरायचा. यंत्राला स्वच्छ गॅस मिळे आणि वास याच्या अंगाला. एकदा तर कंडक्टरने गळती समजून अख्खी बस रिकामी केली होती. तो सगळं हसण्यावारी न्यायचा. बायकोला मात्र हसू येत नसे.

दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. तो निघताना म्हणाली, “आज तेवढा वास घरी आणू नका हो. पोटात ढवळतं माझ्या.”

“बिनवासाचा येतो. बघच तू.”

संध्याकाळी त्याने कामावरच आंघोळ केली, दोनदा साबण चोळला, मुकादमाकडून धुतलेला सदरा मागून घेतला. वाटेत मनगट हुंगून पाहिलं. काही नाही! स्वारी खुशीत जिना चढू लागली. घराच्या खालच्या वळणावर तोच वास नाकात शिरला.

“मेला अंगातून जातच नाही,” तो स्वतःवर चरफडला. दार समोर दिसत होतं. पण आजारी बायकोला शब्द दिला होता. तो उलट फिरला आणि अंगणातल्या नळाखाली जाऊन बसला. डोक्याला साबण लावलेला असतानाच वर स्फोट झाला.

दूध उतू जाऊन गॅसची शेगडी विझली होती. ती तापाच्या गुंगीत पडून होती. अंधारलं तशी उठली आणि तिने दिव्याचं बटण दाबलं.

काकू त्याच्यासमोर ऊर बडवून रडल्या. “मला केव्हापासून वास येत होता हो! मला वाटलं, तुम्हीच आलात.”

“तुमची काही चूक नाही,” तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं, हे मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. कदाचित तिलाही तसंच वाटलं असेल, नवरा आला म्हणूनच ती दिवा लावायला उठली असेल, हा विचार त्याला आतून खात राहिला.

लोक म्हणाले, ही नोकरी सोड. पण पोट कुणाला सुटलंय? दाणे भरत राहिले, तो उपसत राहिला.

घराला नवं दार बसलं. आता कपडे बाहेर टाका म्हणून कुणी ओरडत नाही. तो तसाच आत शिरतो. थोड्याच वेळात दारावर थाप पडते. जिन्यात काकू असतात, त्यांच्यामागे वरच्या मजल्यावरची माणसं. गंधकराव म्हणून आता कुणी हाक मारत नाही.

“तुम्हीच ना?” काकू भीतभीत विचारतात.

तो आत जाऊन शेगडीचं बटण चाचपून येतो. “मीच आहे,” तो म्हणतो, आणि सगळे आपापल्या घरी जाईपर्यंत दार उघडं धरून उभा राहतो.